विराणी कोणाची?

संतांच्या गाथ्यांत जे निरनिराळे प्रकार आहेत, त्यांत विराणी हा प्रकार ऐकायला गोड आणि अर्थ लावायला अवघड. विराणी म्हणजे विरहिणीचे बोल. ज्याच्यावाचून जीव राहत नाही तो दूर आहे, त्याची वाट पाहणारी स्त्री बोलते आहे, आणि तिच्या तोंडून संत बोलत आहेत. आता प्रश्न असा की, हे बोल समजायचे कोणाचे? त्या स्त्रीचे, संतांचे, की ऐकणाऱ्याचे? एकच विराणी ऐकून वेदान्ताचा अभ्यासी मान डोलावतो, तरुण मुलगा चाल गुणगुणत घरी जातो, आणि बायकांच्या बाजूला बसलेली एखादी बाई पदराने डोळे पुसते. तिघांनी ऐकले एकच, घेतले मात्र तीन तऱ्हेने. यांत बरोबर कोण?

हा पाठ आम्ही पंडितांच्या वादासाठी घेतलेला नाही. आमच्या जालना जिल्ह्यात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. त्या मंडपात कोण बसलेले असते ते जरा पाहावे. दिवाळी झाली की ऊसतोडीला जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि म्हातारी माणसे व लेकरे गावात मागे राहतात. कोणाचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे, तो सणालाच येतो. कोणा बाईचा मालक कर्जापायी जिवानिशी गेला आहे. अशा श्रोत्यांपुढे विराणी म्हटली जाते आणि लगेच एखादे बुवा सांगून टाकतात, “मायबाप, हे संसारातले रडणे नव्हे बरे का, हे अध्यात्म आहे!” बोलणे खोटे नाही, पण पुरेही नाही. ती बाई मनात म्हणते, म्हणजे माझे रडणे देवाच्या दारात चुकीचेच झाले की काय? तिला उत्तर देण्याची जबाबदारी अर्थ सांगणाऱ्यावर येते. म्हणून विराणीचा अर्थ कसा लावावा हे नीट पाहू.

विराणीचे कूळ

विरहाची कविता आपल्या मातीत संतांच्या आधीपासून आहे. पैठण, म्हणजे जुने प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी. त्या कुळातील हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा संग्रह आहे. आमच्या जिल्ह्यातील भोकरदन हेही त्याच काळातले नांदते गाव. त्याचे जुने नाव भोगवर्धन. तेथील दात्यांची नोंद सांची व भारहूत येथील शिलालेखांत सापडते. गाथासप्तशतीत राजवाडे थोडे आणि शेते, वाटसरू, पाणवठे फार. परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई तर त्यात पुन्हा पुन्हा भेटते. गोदावरीचे नावही येते. स. आ. जोगळेकर यांनी 1956 साली हा ग्रंथ मराठीत आणला, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की आपल्या ओवीच्या मागे केवढी जुनी वाट आहे.

या गाथांची एक गंमत आहे. गाथा असते दोन ओळींची. तीत कोण बोलते आहे, कोणाला बोलते आहे, हे बहुधा सांगितलेले नसते. टीकाकार गाथेच्या आधी सांगतो, ‘येथे नायिका सखीस म्हणते’ किंवा ‘येथे दूती नायकास म्हणते’. आता दोन टीकाकारांनी बोलणारी व्यक्ती वेगळी धरली, की तीच गाथा वेगळी होते. एकाला जी तक्रार वाटली ती दुसऱ्याला आमंत्रण वाटते. म्हणजे अर्थभेद हा आजच्या वाचकांचा खोडसाळपणा नव्हे. या प्रकारच्या कवितेच्या जन्मापासूनच तो तिच्याबरोबर आहे.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला तेव्हा त्याने उदाहरणाला गोदाकाठचीच एक गाथा घेतली. एक बाई एका धार्मिक माणसाला म्हणते, महाराज, आता खुशाल फिरा, तुम्हाला भिववणारे ते कुत्रे मेले, गोदावरीच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले. शब्द म्हणतात ‘फिरा’, भाव म्हणतो ‘चुकूनही फिरकू नका’. कारण ती झाडी तिच्या भेटीची जागा आहे. शब्दाचा अर्थ एक, सुचलेला अर्थ दुसरा. या सुचलेल्या अर्थाला आनंदवर्धनाने ध्वनी म्हटले. पण लक्षात ठेवण्यासारखे हे की, सरळ अर्थ कळल्यावाचून दुसरा अर्थ उमटतच नाही. कुत्रे, सिंह आणि झाडी ज्याला दिसली नाही त्याला त्या बाईचे मनही कळणार नाही. हा मुद्दा पुढे आपल्याला लागणार आहे.

परीक्षितीची शंका

आता भागवताकडे येऊ. दशम स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायापासून रासाचे पाच अध्याय आहेत. मुरली वाजली, गोपी निघाल्या. पण सगळ्यांनाच निघता आले नाही. काहींना घरच्यांनी कोंडले. त्यांनी डोळे मिटून त्याचे ध्यान केले, आणि भागवत सांगते की त्या असह्य विरहाच्या तापातच त्यांची बंधने जळाली. ज्या जाऊ शकल्या नाहीत त्याच आधी पोहोचल्या! येथे राजा परीक्षिती थांबवतो आणि विचारतो, महाराज, या बायका त्याला केवळ प्रियकर समजत होत्या, ब्रह्म समजत नव्हत्या. मग त्यांना मुक्ती कशी?

प्रश्न किती नेमका आहे पाहा. आजचा अभ्यासकही हेच विचारतो की, समज नाही, नुसती भावना आहे, तर ती चालते का? शुकाचार्यांचे उत्तर असे की काम, क्रोध, भय, स्नेह, कोणताही भाव नित्य हरीकडे लागला तर तो तन्मय करतो. शिशुपाल द्वेषाने गेला, मग प्रेम करणाऱ्यांचे काय सांगावे? तेव्हा भागवताच्या मते भावनेला आधी तत्त्वज्ञानाचा शिक्का मारून घ्यावा लागत नाही. तिला दिशा लागते.

पुढे तेहतिसाव्या अध्यायात राजाची दुसरी शंका येते. धर्म राखणाऱ्याने परस्त्रियांशी असे वागावे काय? तेथे शुक सांगतात, जो गोपींच्या आणि त्यांच्या पतींच्याही अंतर्यामी आहे त्याला परके कोण? आणि बजावतात की याचे अनुकरण सामान्याने मनानेसुद्धा करू नये. शेवटी फळ सांगितले आहे की, हे श्रद्धेने ऐकणाऱ्याचा कामरूपी हृदयरोग जातो. म्हणजे शृंगाराची कथा सांगून शृंगाराची आसक्ती घालवण्याचा हा उपाय.

नारदांच्या भक्तिसूत्रांतही ही जोडी आहे. भक्तीचा दाखला म्हणून त्यांनी व्रजातल्या गोपी दिल्या, आणि लगेच सावधगिरी सांगितली की देवाच्या माहात्म्याचे भान सुटले तर ते प्रेम जारिणीच्या प्रेमासारखे होईल. त्यांनी भक्तीचे जे अकरा प्रकार मोजले त्यांत परमविरहाची आसक्ती शेवटी ठेवली. विरह हा भक्तीचा कमीपणा नव्हे, ती भक्तीची एक स्थिती आहे, असे त्यावरून ठरते.

कावळा आणि आरसा

ज्ञानोबारायांच्या दोन विराण्या घरोघर माहीत आहेत. हृदयनाथ मंगेशकर यांनी चाल लावली, लता मंगेशकर यांनी म्हटल्या, आणि ज्याने कधी गाथा उघडला नाही त्याच्याही कानी त्या गेल्या. ज्याने केवळ रेडिओवर किंवा आता मोबाईलवर ऐकल्या त्याला त्या भावगीत वाटतात. त्याला हसण्याचे कारण नाही. दारापर्यंत तर तो आला. आता घरात यावे.

पहिलीत कावळा ओरडतो. आपल्याकडे अजूनही कावळा ओरडला की आजी म्हणते, पाहुणा येणार वाटते. विरहिणी त्या कावळ्याला लालूच दाखवते. पाय सोन्याने मढवण्याचे कबूल करते, दहीभात देऊ करते, दुधाची वाटी देऊ करते. एवढे कशासाठी? तर येणारा कधी येईल ते खरे सांग म्हणून. आता आपल्याकडे ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणा सांगितल्या आहेत. उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. सहाही येथे सविस्तर लावीत नाही, पण चार लावून पाहू. आरंभ शकुनाने होतो आणि शेवटही शकुनाने होतो, हा उपक्रम-उपसंहार. मधे पुन्हा पुन्हा ‘सांग’ अशी विनवणी आहे, हा अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती. नेहमीच्या शकुनात पाहुणा मामा असतो, भाऊ असतो, मालक असतो. येथे पाहुणा पंढरीचा राजा आहे, ही अपूर्वता. आणि शेवटी भेटीची खूण पटते, हे फल. तेव्हा या विराणीचे तात्पर्य भगवंताची भेट हेच, यात शंका राहत नाही. पण ते तात्पर्य कशावर उभे आहे? कावळ्यावर, दहीभातावर, दुधाच्या वाटीवर. ज्या बाईने कोणाची वाट म्हणून पाहिलीच नाही तिला ही लालूच नुसती गमतीची वाटेल. जिने पाहिली तिला कळेल की दारिद्र्यात असलेली बाईसुद्धा एका बातमीसाठी सोने द्यायला का निघते.

दुसरीत ढग गाजतो आहे, वारा वाहतो आहे, चांदणे आहे, चंदन आहे, फुलांची शेज आहे, आणि थंडावा देणारे सगळे अंगाला जाळते आहे. शेवटी ती आरशात पाहते तो तिला आपले रूपच दिसत नाही, आणि हे विठ्ठलानेच केले असे ती सांगते. येथे वाचकांच्या वाटा फुटतात.

साधा वाचक म्हणतो, विरहाने ती इतकी झिजली की तिची तिलाच ओळख पटेना. चूक नाही. ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे त्यांना हे ठाऊक आहे. वर्षभरात माणूस असे बदलते की स्वतःचे तोंड परके वाटते. काव्यरसिक म्हणतो, ही विरहाची परिसीमा, थंड वस्तूंनी जळणे हा कवींचा जुना संकेत, आणि आरसा हा त्याचा नवा शेवट. हेही बरोबर. वेदान्ती म्हणतो, पाहणारा, पाहण्याची वस्तू आणि पाहणे ही त्रिपुटी मावळली, ‘मी’ म्हणून वेगळे काही उरले नाही, म्हणून आरशात कोणी दिसेना. आणि त्याच्या बाजूने खुद्द माउलींची साक्ष आहे. पासष्ट ओव्यांच्या ‘चांगदेव पासष्टी’त त्यांनी मुख आणि आरसा यांचाच दृष्टांत घेऊन द्रष्टा-दृश्याचा विचार मांडला आहे. एका संताच्या वचनाला दुसऱ्या वचनाचे प्रमाण, ही वारकरी कीर्तनाची शिस्त आहे. त्या शिस्तीत वेदान्त्याचा अर्थ भक्कम बसतो.

मग पहिले दोघे खोटे ठरले का? मुळीच नाही. वेदान्त्याचा अर्थ वरच्या मजल्यावर आहे, आणि वरच्या मजल्याला जिना खालूनच असतो. आधी झिजलेली बाई दिसली पाहिजे. तिचा ‘मी’ विरहाने गळाला म्हणून तर आरसा रिकामा झाला! विरह काढून टाकला तर राहील ते प्रक्रियेचे एक वाक्य. ते पाठ करता येईल, त्याने डोळे भरणार नाहीत.

तुकोबारायांची विराणी

तुकोबारायांच्या गाथ्यातही विराण्या आहेत, आणि त्या जास्त धाडसी आहेत. त्यांतली स्त्री पतीची वाट पाहणारी नाही. ती घरच्याला सोडून परपुरुषाच्या मागे लागलेली आहे, आणि लोक काय म्हणतात याची पर्वा तिने सोडली आहे. सभ्य माणसाला येथे अवघडल्यासारखे होते. काहीजण ती पाने उलटून पुढे जातात.

पण तुकोबांनी हे सोंग का घेतले असेल? विचार करता असे दिसते की घरचा पती म्हणजे हा संसार, हा मान, हे नाते, ज्याच्याशी आपली गाठ जन्माने पडली आहे. त्याच्याशी निष्ठा ठेवली तर कोणी नावे ठेवत नाही. विठ्ठलाच्या मागे लागले की लोक नावे ठेवतात. ज्याचे घरदार बुडाले, ज्याला गावात बोल लागले, त्याला लोकनिंदेची ही भाषा पुस्तकातून शिकावी लागली नाही. परपुरुष हे रूपक येथे शृंगारासाठी आलेले नसून किमतीसाठी आले आहे. या प्रेमाला किंमत मोजावी लागते, ती मोजायची तयारी आहे काय, असे ते रूपक विचारते. सोज्ज्वळ अर्थ करण्याच्या भरात आपण ही किंमतच पुसून टाकली, तर तुकोबांचे म्हणणे आपल्याला कळलेच नाही असे होईल.

दोन टोके

आता जे दोन चुकीचे मार्ग आहेत ते सांगतो. एक मार्ग असा की विराणीत बाई नाहीच, विरह नाहीच, जे आहे ते सारे जीव-शिवाचे गणित. कावळा म्हणजे हे, दहीभात म्हणजे ते, दूध म्हणजे तिसरे, असे एकेका शब्दाला एकेक तत्त्व चिकटवले की अर्थ सांगितल्यासारखा वाटतो, पण विराणी मरते.

दुसरा मार्ग याच्या उलट. तो म्हणतो, विठ्ठलाचे नाव ही केवळ रीत, खरी कविता ऐहिक प्रेमाची. हेही टिकत नाही, कारण विराणीच्या शेवटी मुद्रा असते. ज्ञानोबारायांच्या कितीतरी अभंगांत रखुमादेवीच्या वराचे नाव शेवटी येते. ही मुद्रा म्हणजे पत्रावरची सही. सही झाकून पत्र दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही.

काही संशोधकांनी तर कर्त्याविषयीच शंका घेतली. शि. ए. भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने 1898-99 च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात असे मांडले की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग करणारे ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष. भाषेतला फरक आणि ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती न दिसणे ही त्यांची मुख्य कारणे. वारकरी परंपरेने हे मानले नाही आणि त्याला पुष्कळ उत्तरे दिली गेली. येथे त्या वादात शिरत नाही. एवढेच म्हणतो की तत्त्वज्ञ माणूस वाट पाहणाऱ्या बाईच्या आवाजात बोलूच शकणार नाही, असे आधीच ठरवून कोणी वाचू नये. ज्ञान पुरते झाले म्हणजे हृदय आटते, असे कोणत्या संताने सांगितले आहे?

गोदाकाठच्या वाट पाहणाऱ्या

ज्ञानोबारायांचे मूळ गाव आपेगाव, पैठणजवळ गोदाकाठी. तीच नदी पुढे अंबड, घनसावंगी, परतूर या आमच्या तालुक्यांच्या कडेने वाहते. परंपरा सांगते की विठ्ठलपंत लग्नानंतर पत्नीला सोडून काशीस गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. रुक्मिणीबाई आळंदीस माहेरी राहिल्या आणि अश्वत्थाला प्रदक्षिणा घालत दिवस काढले. पुढे त्यांच्या पतीचे गुरू आळंदीस आले, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि तेव्हा खरी गोष्ट उघडकीस येऊन विठ्ठलपंत परत आले. त्यानंतर ही चार भावंडे झाली. याचा अर्थ विराण्या आईवरून केल्या असा नाही. पण ज्याने विराण्या केल्या तो एका वाट पाहणाऱ्या बाईच्या पोटी आला होता, हे विसरून तरी कसे चालेल?

दुसरी गोष्ट आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबची. समर्थ रामदासस्वामींचा जन्म येथे 1608 साली झाला. परंपरेची कथा अशी की बाराव्या वर्षी लग्नाच्या मंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकून नारायण निघून गेला. आई राणूबाईंचे डोळे रडून रडून गेले, आणि पुष्कळ वर्षांनी तो परत भेटायला आला तेव्हा त्यांना पुन्हा दिसू लागले. ही कथा सांगताना वक्ते वैराग्याचे वर्णन करतात, आणि ते योग्यच आहे. पण ऐकणाऱ्या आयाबाया राणूबाईंकडे पाहत असतात. कथा एक, तिच्यात उभे राहण्याच्या जागा दोन. मंडपात मागे राहिलेल्या नवरीविषयी तर कथा फारसे बोलतही नाही, तरी एखाद्या मुलीच्या मनात तीच येते. समर्थांची करुणाष्टके वाचताना रामाच्या भेटीची तळमळ दिसते. त्या तळमळीला मागे ठेवलेल्या आईची आठवण जोडून जो वाचील त्याला ती अधिक कळतील, असे आम्हांस वाटते.

आणि सर्वांत मोठे प्रमाण नामदेवरायांचे. शके 1218, म्हणजे 1296 साली, आळंदीस ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग वाचा. तेथे रूपक नाही, सोंग नाही. सोबती जातो आहे, आणि संत रडताहेत. निवृत्तिनाथांसारखा गुरूही हेलावला आहे. तीर्थावळीत तर नामदेव तीर्थयात्रेस निघाले म्हणून स्वतः पांडुरंगच त्यांच्या वियोगाने कष्टी होतो. म्हणजे विरह एकतर्फी नाही. देवालाही भक्ताचा विरह होतो, असे संतांनी सांगितले. ज्या संप्रदायाच्या देवालाच रडू येते, त्याच्या मंडपात एखाद्या बाईने आपल्या माणसासाठी रडू नये, असे कोण म्हणेल?

अर्थ लावण्याची रीत

या सर्वांचे तात्पर्य आता सांगतो. विराणी ही ज्याला विरह झाला त्याची आधी, आणि ज्याने ती मुद्रेपर्यंत ऐकली त्याची पुरती. ऐकणाऱ्याचे दुःख हा विराणीचा चुकीचा अर्थ नसून पहिला अर्थ आहे. पण पहिला अर्थ हा शेवटचा नव्हे. गेलेला माणूस परत येत नाही, कावळा कितीही ओरडला तरी येत नाही. विराणी त्या बाईला असे सांगत नाही की तू विसर. ती म्हणते, तुझी ही वाट पाहण्याची शक्ती केवढी मोठी आहे पाहा, आता तिला असा एक पाहुणा दे जो येतोच. शोक जिरवायला नाही सांगितला, वळवायला सांगितला. शुकांनी परीक्षितीला जी दिशा सांगितली ती हीच. ती दिशा कोणी ढकलून देता येत नाही. ज्याचे त्याला ज्या दिवशी सुचेल त्या दिवशी सुचेल.

कीर्तनकार मंडळींना म्हणून एक प्रेमाची विनंती आहे. ‘हे तुमचे रडणे नव्हे’ असे म्हणण्याऐवजी ‘हे तुमचे रडणे तर आहेच, आणि याहूनही काही आहे’ असे म्हणावे. एका शब्दाचा फरक, पण त्याने मंडपातली बाई बाहेर राहत नाही, आत येते. आणि विराणीवर निरूपण केलेल्या गावात अशी एखादी माउली असेल तर तिच्या घरात चूल पेटते की नाही, मुलांची शाळा चालू आहे की नाही, याची चौकशी गावाने करावी. उपाशी माणसाला अद्वैत सांगून हात झटकणे ही नाथमहाराजांच्या गोदाकाठची रीत नव्हे.

अभ्यासकांनी कोणतीही विराणी हाती घेतली की पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत. क्रम मोडू नये.

एक: बोलणारी कोण, आणि तिच्या आजूबाजूला काय काय वस्तू आहेत? कावळा, चंदन, आरसा, जे असेल ते आधी जसेच्या तसे पाहावे.

दोन: तिला नेमके काय हवे आहे? भेट, बातमी, खूण, की नुसते बोलून मोकळे होणे?

तीन: मुद्रेपाशी काय बदलले? आरंभीची स्त्री आणि शेवटची स्त्री यांत कोणता फरक पडला?

चार: जो वरचा अर्थ आपण लावला त्याला दुसऱ्या संतवचनाचे प्रमाण मिळते काय? मिळाले तर धरावा, नाही मिळाले तर ‘आम्हांस असे वाटते’ एवढेच म्हणून थांबावे.

आषाढी वारीसाठी संत मुक्ताबाईंची पालखी खानदेशातून निघून बुलढाणा, देऊळगावराजा करीत जालन्यावरून पंढरीच्या वाटेला लागते. ती गावातून जाते तेव्हा वाटेला उभ्या असलेल्या बायांत काहीजणी अशा असतात की ज्यांना घर सोडून पुढे जाता येत नाही. त्या पालखीच्या पाया पडतात आणि परत फिरतात. ज्यांना घरच्यांनी कोंडले होते त्या गोपींची भागवतातली गोष्ट वर सांगितली आहे. ती त्यांना कोणीतरी अवश्य सांगावी. पुढील पाठापर्यंत वाचकांनी घरच्या गाथ्यातील एक तरी विराणी वरच्या चार प्रश्नांनी वाचून पाहावी, आणि वाचताना एकटे न वाचता घरातल्या बायामाणसांसमोर वाचावी. अर्थ त्यांनाही विचारावा. पुष्कळदा आपल्याला जो सापडत नाही तो त्यांना आधीच ठाऊक असतो.

॥ रामकृष्णहरि ॥